नवा संगणक लावताना : एक कीबोर्ड, दोन लिप्या



दत्तजयंतीच्या सप्ताहाला तीन आठवडे उरले होते आणि मंडळाचा जुना संगणक बंद पडला. दुरुस्तीवाल्याने सांगितले की मदरबोर्ड गेला, हार्ड डिस्क मात्र शाबूत आहे. त्याने सगळ्या फायली एका पेनड्राइव्हवर काढून दिल्या. वर्गणीतून नवा डेस्कटॉप आणला, लावला आणि सगळ्यांत आधी पारायणाला बसणाऱ्यांची यादी उघडली. पडद्यावर एकही मराठी अक्षर नाही! इंग्रजी मुळाक्षरे, कंस, डोक्यावर टोपी घातलेली कसली कसली चिन्हे, यांची नुसती भेळ. बारा-तेरा वर्षांची ती यादी होती. कोण कोणत्या वर्षी बसले, महाप्रसाद कोणाकडचा होता, सोलापूर-पुण्याला गेलेल्या कुटुंबांचे पत्ते, सगळे त्यात. ज्या गुरुजींनी रात्री जागून ती टाईप केली, ते आता नाहीत.

फायली बिघडलेल्या नव्हत्या, हे दोन दिवसांनी कळले. त्या दोन दिवसांत आणि नंतरच्या महिनाभरात जे शिकलो ते इथे लिहून ठेवतो. आळंद, बसवकल्याण, भालकीकडच्या मंडळांतही असेच जुने संगणक आहेत आणि आज ना उद्या तेही बंद पडणार आहेत. घरी नवा संगणक घेणाऱ्यांनाही यातले बरेचसे उपयोगी पडेल.

आधी एक गोष्ट. पुण्यातल्या घरात संगणकाला मराठी आणि इंग्रजी आले की काम भागते. आपल्याकडे भागत नाही. आपल्याकडे निमंत्रणपत्रिका मराठीत, ग्रामपंचायतीला अर्ज कन्नडमध्ये आणि बँकेचा कागद इंग्रजीत. त्यात नवल असे काही नाही. ज्या सायंदेवांच्या वंशातील सरस्वती गंगाधरांनी गुरुचरित्र लिहिले, ते याच कडगंचीचे; आणि त्या मराठी ग्रंथात कानडी पदेही आहेत. तेव्हा दोन्ही भाषा एका पोथीत नांदल्या, आता त्या एका संगणकावर नांदायला हव्यात, एवढेच.

खरेदी आणि जागा

याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण दुकानदार यातले बहुतेक सांगतोच. मंडळाच्या किंवा घरच्या लिखाणाच्या कामाला फार महाग यंत्र लागत नाही. ८ जीबी रॅम असावी आणि आतली डिस्क एसएसडी असावी. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कपेक्षा एसएसडीवर संगणक कितीतरी लवकर सुरू होतो. सेकंडहँड संगणक स्वस्तात मिळतात, पण एक विचारून घ्या : त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालते का? मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. त्याहून जुने यंत्र कोणी 'एकदम भारी' म्हणून दिले, तर ते लिनक्ससाठी घ्या, विंडोजसाठी नको.

लाईटचा प्रश्न वेगळा सांगायला नको. यूपीएस घ्याच. साधारण ६०० व्हीएचा यूपीएस असला की लाईट गेल्यावर फाईल सेव्ह करून संगणक नीट बंद करायला पुरेसा वेळ मिळतो. तेवढ्यासाठीच तो असतो. त्यावर तासभर काम करायचे नसते. लेझर प्रिंटर यूपीएसला कधीही जोडू नका. तो तापताना एकदम जास्त वीज ओढतो आणि यूपीएस तिथेच मान टाकतो. प्रिंटर सरळ भिंतीच्या प्लगवर. प्लगला अर्थिंग आहे का, तेही वायरमनकडून एकदा तपासून घ्या. कॅबिनेटला, म्हणजे आपण ज्याला सरसकट सीपीयू म्हणतो त्या डब्याला, हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग नाही असे धरून चाला.

डबा जमिनीवर ठेवू नका. तुरीच्या राशीचे दिवस आले की आपल्याकडे काय धूळ उडते ते ठाऊक आहे, आणि आतला पंखा ती सगळी ओढून घेतो. भिंतीपासून वीतभर पुढे, टेबलावर ठेवावा. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी तो चालवू नये. आमच्या यंत्रावर एका हौशी भगिनींनी क्रोशाचे सुंदर झाकण घातले होते. चालू असताना ते काढायचे, हे सांगायला मला दोन दिवस शब्द सापडत नव्हते.

खाते कोणाच्या नावाचे?

नवा संगणक पहिल्यांदा सुरू केला की तो देश, कीबोर्ड, वायफाय विचारतो आणि मग मायक्रोसॉफ्टचे खाते मागतो. घाईत आपण काय करतो? जो तरुण मुलगा लावायला आलेला असतो, तोच आपले स्वतःचे खाते घालतो. काम होते, आपण चहा देतो, मुलगा जातो. पुढे तो नोकरीला हैदराबादला किंवा बेंगळुरूला गेला की अडचण सुरू होते.

कारण असे. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्तीत नव्या यंत्राची डिस्क बहुधा आपोआप कुलूपबंद होते, म्हणजे आतला मजकूर सांकेतिक रूपात राहतो. रोजच्या वापरात ते जाणवत नाही. पण दुरुस्तीत एखादा भाग बदलला, तर संगणक ४८ अंकी किल्ली मागू शकतो आणि ती किल्ली ज्याने खाते घातले त्याच्या खात्यात ठेवलेली असते. तो मुलगा फोनवर सापडला नाही, तर यंत्र आपले, वीज आपली, आणि फायली मात्र आपल्या नाहीत.

म्हणून आधी मंडळाच्या नावाने एक ईमेल काढा, आणि त्याच नावाने खाते. पासवर्ड आणि ती ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून हिशेबाच्या वहीबरोबर कपाटात ठेवा. संगणकाच्या जाणकारांना हा सल्ला जुनाट वाटेल. वाटू द्या. पदाधिकारी बदलतात, कपाट तिथेच राहते.

आणखी एक. याच खात्याबरोबर वनड्राइव्ह येते आणि ते डेस्कटॉपवरच्या फायली आपणहून इंटरनेटवर चढवू लागते. फुकट जागा ५ जीबी. सप्ताहाचे फोटो टाकले की ती भरते आणि मग रोज पैसे भरा म्हणून निरोप येतात. फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि ते फोल्डर वनड्राइव्हच्या बाहेर असू द्या.

मराठी आणि कन्नड घालणे

आता मुख्य काम. नव्या संगणकात मराठी दिसण्याची सोय असतेच. लिहिण्याची सोय चालू करावी लागते. सेटिंग्जमध्ये 'टाईम अँड लँग्वेज', त्यात 'लँग्वेज अँड रीजन', तिथे 'ॲड अ लँग्वेज'. मराठी निवडा, घाला. मग पुन्हा तेच करून कन्नड घाला. संगणकाच्या सूचना मराठीतही करून घेता येतात, पण माझे मत विचाराल तर त्या इंग्रजीतच राहू द्या. अडचण आली की आपण कोणाला तरी फोन लावतो, आणि पलीकडचा सांगतो 'सेटिंग्ज उघडा'. आपल्या पडद्यावर दुसराच शब्द असेल तर दोघेही घामाघूम होतात.

भाषा घातल्या की उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या जवळ, भाषेची खूण दिसते. विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबला की इंग्रजी, मराठी, कन्नड अशी पाळीपाळीने बदलत जाते. एवढे जमले की निम्मे काम झाले.

बाकीचे निम्मे काम म्हणजे कोणते अक्षर कुठे आहे हे कळणे. इथे बहुतेकजण मोबाईलच्या सवयीने इंग्रजी अक्षरांत मराठी लिहू पाहतात. तीही सोय आहे. मे २०१९ च्या विंडोज १० पासून मराठीचा फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच मिळतो; मराठीच्या पुढच्या तीन ठिपक्यांतून 'लँग्वेज ऑप्शन्स'मध्ये जाऊन तो घालता येतो. चार ओळींचा निरोप लिहायला तो उत्तम. पण ज्यांना पानेच्या पाने लिहायची आहेत आणि दोन्ही भाषांत लिहायची आहेत, त्यांनी इन्स्क्रिप्ट शिकावा, असे मी आग्रहाने सांगतो. विंडोजमध्ये नुसते 'मराठी' घातले की जो कीबोर्ड येतो, तो हाच.

इन्स्क्रिप्टचा आराखडा केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये आणला. त्यामागचा विचार साधा होता : देवनागरी, कन्नड, तेलुगू, बंगाली अशा लिप्यांचे रूप वेगळे असले तरी वर्णमाला मुळात एकच, क-ख-ग-घ. मग प्रत्येक लिपीला कीबोर्ड वेगळा कशाला? त्यांनी स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला दिल्या, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला. ज्या कळीवर मराठीचा क, त्याच कळीवर कन्नडचा क.

आपल्या गावाचेच नाव लिहून पाहा. भाषा मराठीवर ठेवा आणि इंग्रजी कीबोर्डवरच्या या सहा कळा ओळीने दाबा : के, मग पीच्या उजवीकडची चौकटी कंस उघडणारी कळ, मग आय, एक्स, मग एलच्या उजवीकडची अर्धविरामाची कळ, आणि शेवटी आर. क, ड, ग, अनुस्वार, च, दीर्घ वेलांटी. झाले 'कडगंची'. आता विंडोज आणि स्पेसबार दाबून भाषा कन्नडवर न्या आणि त्याच सहा कळा त्याच क्रमाने दाबा. तेच नाव कन्नड लिपीत उमटते. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा शेजारी बसलेली पुतणी म्हणाली, "काका, काय झालं? असं का बघताय?"

शिकायला किती वेळ लागतो? रोज अर्धा तास बसलात तर दोन-तीन आठवड्यांत न बघता लिहिता येऊ लागते, निदान मला तरी एवढेच लागले. माझी बोटे काही तरुण नाहीत. सुरुवातीला अक्षरे समोर दिसावीत म्हणून विंडोज आणि कंट्रोल धरून ओ दाबा. पडद्यावर कीबोर्डचे चित्र येते आणि भाषा बदलली की चित्रातली अक्षरेही बदलतात. शिफ्ट धरले की वरची अक्षरे दिसतात : क च्या जागी ख, त च्या जागी थ, ल च्या जागी ळ.

काही गोष्टी मात्र आधीच सांगायला हव्यात. पाय मोडायची कळ डी आहे. जोडाक्षर करायचे तर पहिले अक्षर, डी, दुसरे अक्षर. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर द्यायची. टाइपरायटरवर शिकलेली मंडळी ती आधी देतात, कारण ती दिसते आधी. संगणकाला मात्र उच्चाराचा क्रम हवा असतो. आणि कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्वही आहेत, दीर्घही. मराठीत आपण जी मात्रा देतो, त्या कळीवर कन्नडची दीर्घ मात्रा आहे. ऱ्हस्व ए झेडच्या कळीवर, ऱ्हस्व ओ वरच्या डाव्या कोपऱ्यात, आकडा एकच्या अलीकडच्या कळीवर. आपल्या लोकांच्या कन्नड अर्जांत हीच चूक सर्वांत जास्त दिसते, कारण आपल्या कानाला तो फरक पटकन कळत नाही.

गुरुचरित्रातली कानडी पदे देवनागरीत टाईप करायची झाली, तर हाच प्रश्न उलट बाजूने येतो. देवनागरीत ऱ्हस्व ए-ओ कसे दाखवायचे? दाक्षिणात्य भाषांसाठी युनिकोडने देवनागरीतही ती अक्षरे ठेवली आहेत : ऎ आणि ऒ. मराठीत आपल्याला ती कधीच लागत नाहीत. कडगंचीत लागतात!

नुडीवाल्या मुलांचे काय?

इथे कोणी हरकत घेईल आणि ती रास्त आहे. आपली मुले कन्नड शाळेत जातात, सरकारी नोकरीच्या परीक्षा देतात आणि कर्नाटकात कन्नडसाठी नुडी चालते. कन्नड गणक परिषदेने केलेल्या या सॉफ्टवेअरचा कीबोर्ड इन्स्क्रिप्ट नव्हे. तो के. पी. राव यांच्या आराखड्यावरचा आहे, इंग्रजी अक्षरांच्या उच्चाराशी जुळणारा. जो मुलगा नुडीवर वेगाने लिहितो, त्याला मी इन्स्क्रिप्ट शिक म्हणणार नाही. त्याने जे कमावले ते कशाला सोडायचे?

पण त्यालाही मराठीसाठी तिसरा कीबोर्ड शिकायची गरज नाही. लिनक्समध्ये मराठीसाठी 'कगप' नावाचा कीबोर्ड मिळतो. कन्नड गणक परिषदेच्या नावातली आद्याक्षरे घेऊन हे नाव झाले आहे. मांडणी तीच, अक्षरे देवनागरी. म्हणजे आपल्या भागात रस्ते दोन झाले : मोठ्यांनी दोन्ही लिप्या इन्स्क्रिप्टवर लिहाव्यात, नुडी येणाऱ्या मुलांनी दोन्ही कगपवर. एका लिपीला एक आणि दुसरीला दुसराच, असे मात्र करू नये. बोटे गोंधळतात आणि मग जी भाषा शाळेत लागत नाही ती मागे पडते. ती कोणती, हे सांगायला नको.

जुन्या फायली का दिसत नव्हत्या

आता त्या यादीकडे. संगणक अक्षरे साठवत नाही, आकडे साठवतो. युनिकोड आता सगळीकडे चालते आणि त्यात प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच आकडा आहे. देवनागरी क म्हणजे २३२५. कन्नड क म्हणजे ३२२१. फरक ८९६. देवनागरी म २३५०, कन्नड म ३२४६. फरक पुन्हा ८९६. ळ चेही तेच. भारतीय लिप्यांसाठी आधी जे मानक झाले होते त्यातला समान क्रमच युनिकोडने उचलला, म्हणून हे असे आहे, आणि म्हणूनच मराठीत लिहिलेली नावांची यादी कन्नड लिपीत करणे संगणकाला इतके सोपे जाते.

गुरुजींनी यादी केली तेव्हा मात्र गावोगावी चालत होते जुने फॉन्ट : श्रीलिपी, शिवाजी, किरण, कृतीदेव आणि असे कितीतरी. त्यांची युक्ती वेगळी होती. संगणकाला वाटायचे की इंग्रजी अक्षर आहे. फॉन्ट मात्र त्या अक्षराच्या जागी मराठी आकार दाखवायचा. म्हणजे वर मराठीचा मुखवटा आणि आत इंग्रजीचा आकडा. नव्या संगणकात तो फॉन्ट नाही, मुखवटा गळून पडला आणि खालचे दिसू लागले. नुडी आणि बरहाच्या जुन्या कन्नड फायलींचेही असेच होते.

म्हणून जुना संगणक मोडीत काढण्याआधी त्यातले फॉन्टचे फोल्डर उतरवून ठेवा. आम्ही ते केले नव्हते. तरीही वाट सापडली. वर्डमध्ये फाईल उघडून तो भेळ झालेला मजकूर निवडला की वर फॉन्टच्या चौकटीत मूळ फॉन्टचे नाव अजूनही दिसते, तो फॉन्ट संगणकात नसला तरी. हे नाव कागदावर लिहून घ्या. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, त्यामुळे ज्या फॉन्टची फाईल त्याच फॉन्टचा परिवर्तक लागतो. चुकीचा वापरलात तर एका भेळेची दुसरी भेळ होते, आणि ती जास्त फसवी, कारण ती देवनागरीत असते.

मूळ फाईल कधीही बदलू नका. प्रत काढा, एकच पान बदलून पाहा आणि ते शब्दनशब्द वाचा. आमच्या यादीत तीन जागी हटकून चुका निघाल्या. पहिली, ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. दुसरी, मजकुरात मध्येच आलेले खरे इंग्रजी, म्हणजे ईमेलचे पत्ते, तेही देवनागरी होऊन बसतात. ते हाताने सोडवावे लागतात. तिसरी चूक सर्वांत वाईट, कारण ती डोळ्यांना पटकन दिसत नाही. रफार आणि अर्धा ऱ यांची अदलाबदल.

ही गोष्ट मराठीत आहे, हिंदीत ती नाही, त्यामुळे काही परिवर्तकांना ती ठाऊकच नसते. 'आचार्यांना' म्हणजे गुरुजनांना, 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. आमच्या बदललेल्या फायलीत 'आचार्यांना दक्षिणा' आणि 'आचाऱ्यांना मजुरी' या दोन्ही ओळींत एकच शब्द झाला होता. जमाखर्च जुळला, मान जुळेना. इन्स्क्रिप्टमध्ये हा अर्धा ऱ लिहायचा तर शिफ्ट धरून जे, मग डी, मग पुढचे अक्षर. साध्या जे ने लिहिलात तर रफार येतो.

याला आणखी एक फाटा आहे. काही फोनेटिक साधने अर्धा ऱ वेगळ्या आकड्यांनी लिहितात. दिसायला दोन्ही अगदी सारखे. पण 'कऱ्हाडे' एका पद्धतीने लिहिले असेल आणि तुम्ही दुसऱ्या पद्धतीने शोधलेत, तर संगणक म्हणतो, असे कोणी नाही. ॲ चेही असेच. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले आणि महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयाने ते वर्णमालेत घेतले. त्याआधी लोक अ वर अर्धचंद्र जोडत, आजही जोडतात. दोन्हींतले काहीही वापरा, पण मंडळात सगळ्यांनी एकच वापरा. यादीत नाव सापडले नाही म्हणून एखाद्या घरी निमंत्रण गेले नाही, तर आपल्याकडे त्याचे काय होते हे सगळ्यांना माहीत आहे.

छापखाना, मोठी अक्षरे वगैरे

युनिकोडात काम केले की पत्रिका छापायला देताना एक तिढा येतो. अजूनही काही छापखान्यांत पेजमेकर चालतो. त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची, त्याला युनिकोड कळत नाही, म्हणून ते म्हणतात, "जुन्या फॉन्टमध्ये आणा." आणू नका. मजकूर आपल्या संगणकावरच मांडून पीडीएफ करून द्या. पीडीएफमध्ये अक्षरे फॉन्टसकट बांधली जातात आणि छापखान्याला ती फक्त छापायची असतात. मराठी आणि कन्नड दोन्ही एका पत्रिकेत हवे असेल, तर दोन्ही लिप्यांचा मेळ बसेल असे फॉन्ट घ्या. मुंबईच्या एक टाईपचे 'बालू' देवनागरीत आहे आणि त्याचेच कन्नड भावंड 'बालू तम्मा'. नोटो नावाच्या कुटुंबातही दोन्ही आहेत. सगळे फुकट. काही फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. त्यात चूक काही नाही, अक्षर तेच असते. पण आपल्या आजीला तो ल खटकतो. मराठी वळण हवे असेल तर 'तिरो देवनागरी मराठी' पाहा.

वडीलधाऱ्यांसाठी दोन गोष्टी. सेटिंग्जमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' आहे, तिथे अक्षरे आणि माऊसचा बाण दोन्ही मोठे करता येतात. आणि ज्यांना टाईप करणे नकोच, त्यांनी क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडून बोलून लिहावे. मराठी आणि कन्नड दोन्ही चालते. आमचे एक ऐंशीच्या घरातले आजोबा माईकसमोर बसून जुन्या आठवणी सांगतात आणि संगणक लिहून घेतो. त्यांचे बोलणे मध्येच कानडीत शिरते तेव्हा तो गडबडतो, मग नात भाषा बदलून देते. रझाकारीच्या काळातली, १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपण म्हैसूर राज्यात गेलो तेव्हाची, अशी चौदा पाने आतापर्यंत झाली आहेत.

फायलींच्या प्रती तीन ठेवा : एक संगणकात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक गावाबाहेर, म्हणजे इंटरनेटवर किंवा कलबुर्गीतल्या एखाद्या विश्वासू नातेवाइकाकडे. फाईलच्या नावात वर्ष घाला. 'यादी नवी', 'यादी नवी फायनल', 'यादी खरी फायनल' अशा तीन फायली आमच्या पेनड्राइव्हवर होत्या आणि त्यांतली खरी कोणती हे फक्त गुरुजींना माहीत होते.

पारायणाच्या यादीची नऊ वर्षे युनिकोडात आली आहेत, वाचून झाली आहेत. उरलेल्या वर्षांची पाने छापून मंडळाच्या खोलीत टेबलावर ठेवली आहेत, शेजारी लाल पेन आहे. आपापल्या घरची नावे, आडनावातला ऱ आणि गाव तपासून घ्या. रोज संध्याकाळी आरतीनंतर खोली उघडी असते.